शेजाऱ्याकडे ठेवलेलं पत्र : बॅकअप मेल सर्व्हरची चाळीस वर्षं



आज एका कोड्यापासून सुरुवात करू. समजा, एका संस्थेचा मेल सर्व्हर भर दुपारी दहा मिनिटं बंद पडला. वीज गेली, दुसरं काही नाही. दहा मिनिटांनी तो पुन्हा व्यवस्थित सुरू झाला. पण त्या दहा मिनिटांत ज्यांनी ज्यांनी पत्रं पाठवली, त्या सगळ्यांची पत्रं कायमची परत गेली. निविदा होती, प्रवेशअर्ज होता, कुणाचं नोकरीचं उत्तर होतं. सगळं बाउन्स. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या संस्थेचा सर्व्हरही तेवढाच वेळ बंद होता, आणि तिचं एकही पत्र हरवलं नाही. थोडी उशिरा आली, इतकंच.

फरक एवढाच, की पहिल्या संस्थेकडे बॅकअप मेल सर्व्हर होता. दुसरीकडे नव्हता.

मी उलट बोलून गेलो असं वाटेल, पण नाही, बरोबरच ऐकलंत. पत्रं हरवू नयेत म्हणून केलेल्या सोयीनेच पत्रं हरवली. हे असं का होतं, ते आजच्या सेटिंग्जच्या पडद्यावर बघून कळत नाही. त्यासाठी ही सोय कुठल्या काळात आणि कुठल्या गरजेतून आली, ते पाहावं लागतं.

ईमेलचा जन्म १९७१चा. अमेरिकेत केंब्रिज इथे बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला निरोप पाठवला आणि माणूस व यंत्र यांच्या नावांमध्ये ते प्रसिद्ध @ चिन्ह बसवलं. तेव्हा आर्पानेटवर यंत्रं मोजकीच होती. कुठलं यंत्र कुठे आहे, याची एक यादी होती, हॉस्ट्स डॉट टीएक्सटी नावाची. ती कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला, एसआरआय या संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालचा गट सांभाळायचा. नवं यंत्र जोडायचं तर त्यांना कळवायचं, त्या यादीत नाव घालणार, मग सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. गावच्या तलाठ्याकडे नोंद करण्याचाच प्रकार. गाव लहान होतं तोवर चाललं.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ लिहिलं. हे एसएमटीपी, म्हणजे दोन मेल सर्व्हरांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचे नियम. आजही आपली पत्रं मुळात त्याच संभाषणातून जातात. त्यातली एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं नाट्य तिच्यावर उभं आहे. सर्व्हर प्रत्येक वाक्याला तीन आकडी उत्तर देतो. उत्तर ४ ने सुरू झालं तर अर्थ : आत्ता जमत नाही, नंतर या. ५ ने सुरू झालं तर अर्थ : जमणार नाही, परत येऊ नका. आणि मुळी उत्तरच आलं नाही, म्हणजे दार कुणी उघडलंच नाही, तर पाठवणाऱ्याने पत्र रांगेत ठेवायचं आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा. थोडक्यात, शांतता आणि नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८३ मध्ये, पॉल मोकापेट्रिस यांनी त्या एका यादीच्या जागी डीएनएसची कल्पना मांडली. एकच तलाठी नको. ज्याचं नाव त्याने आपली नोंद सांभाळावी आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यावं. मेलसाठी त्यात दोन प्रकारच्या नोंदी होत्या. एमडी, म्हणजे पत्र जिथे शेवटी पोचायचं ते यंत्र. आणि एमएफ, म्हणजे जे पत्र घेऊन पुढे पोचवेल ते यंत्र. कागदावर स्वच्छ दिसणारी ही विभागणी व्यवहारात फसली. डीएनएसमध्ये एकदा मिळालेलं उत्तर काही काळ जवळ ठेवलं जातं. एखाद्याच्या साठ्यात फक्त एमडी असायची, एमएफ नसायची. मग दुसरी नोंद अस्तित्वातच नाही, की आपल्याला ती ठाऊक नाही, हे त्याला कळणार कसं? अर्धवट माहितीवर पत्रं चुकीच्या वाटेला लागण्याची सोयच झाली होती ही.

यावर तोडगा काढला क्रेग पार्ट्रिज यांनी. जानेवारी १९८६. आरएफसी ९७४. दोन नोंदींऐवजी एकच, एमएक्स. प्रत्येक एमएक्स नोंदीत एका यंत्राचं नाव आणि एक क्रमांक. ज्याचा क्रमांक लहान, त्याचं दार आधी वाजवायचं. ते उघडलं नाही तर त्याहून मोठ्या क्रमांकाचं. बस, एवढंच. मला विचाराल तर इंटरनेटच्या इतिहासातल्या सगळ्यात कमी शब्दांत सगळ्यात जास्त काम करणाऱ्या कल्पनांपैकी ही एक आहे.

पार्ट्रिज यांच्यासमोर प्रश्न कोणता होता, हे इथे महत्त्वाचं. ते सीएसनेटच्या कामात होते. सीएसनेट हे अमेरिकेतल्या संगणकशास्त्र विभागांना जोडणारं जाळं, आणि त्यातल्या अनेक विद्यापीठांकडे कायमची जोडणी नव्हतीच. ती टेलिफोनवरून दिवसातून काही वेळा जोडली जायची. म्हणजे ज्याला पत्र पाठवायचं तो इंटरनेटवर मुळी नाहीच! अशा माणसालाही पत्ता हवा आणि त्याची पत्रं घेऊन ठेवणारं कुणीतरी हवं. पूर्वी नाही का, घरी कुणी नसलं की पोस्टमन शेजारच्या काकूंकडे पत्र देऊन जायचा. काकू संध्याकाळी आणून द्यायच्या. एमएक्सचा मोठा क्रमांक म्हणजे या काकू.

त्याच आरएफसीत एक बारीक नियम आहे. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पत्र ढकलत बसू नये म्हणून, बॅकअप यंत्राने यादीत आधी स्वतःला शोधायचं, आणि स्वतःच्या क्रमांकाइतके किंवा त्याहून मोठे क्रमांक असलेली सगळी नावं खोडायची. उरतील त्यांच्याकडेच पत्र न्यायचं. कुणीच उरलं नाही, तर काहीतरी घोळ आहे. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी लिहिलेला सेंडमेल हा प्रोग्राम अशा वेळी तक्रार करायचा, की या डोमेनची एमएक्स यादी माझ्याकडेच बोट दाखवते आहे. ती ओळ वाचून डोकं धरून बसलेले प्रशासक जगभर सापडतील. तिचा खरा अर्थ साधा असायचा : डीएनएस म्हणतंय की हे घर तुझं, पण तुला कुणी सांगितलेलंच नाही की तू या घरात राहतोस.

आता भारतात येऊ, कारण याच सुमाराला आपल्याकडेही नेमकी हीच गरज उभी राहिली होती. १९८६ मध्ये भारत सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने अर्नेट सुरू झालं. मुंबईत जुहूला असलेलं एनसीएसटी, बंगळुरूचं आयआयएस्सी, पाच आयआयटी आणि दिल्लीतला इलेक्ट्रॉनिक्स विभाग, अशा आठ ठिकाणांचं हे जाळं. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी या कामाच्या आघाडीवर होते. सुरुवातीला यावर सेवा एकच : यूयूसीपी पद्धतीची मेल. म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची, साठलेली घ्यायची, फोन ठेवायचा. त्या काळातल्या ट्रंक लाइनी ज्यांनी वापरल्यात त्यांना सांगायला नको, की 'फोन लावायचा' हे दोन शब्द किती मोठे होते. दिल्ली-मुंबई पहिली भाड्याची लाइन जानेवारी १९९१ मध्ये आली, वेग सेकंदाला ९,६०० बिट. एक मेगाबाइटची फाइल पोचायला १४ मिनिटांच्या आसपास. १९९२ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत ६४ किलोबिटची लाइन झाली.

अशा जगात पत्र वाटेत कुठेतरी मुक्कामाला थांबणं हा अपघात नव्हता, तीच वहिवाट होती. तारा कमी, महाग आणि बेभरवशाच्या. पण पलीकडच्या यंत्रावरचा माणूस ओळखीचा आणि भरवशाचा. बॅकअप मेल सर्व्हर हे त्या व्यवस्थेचं अपत्य आहे. पुढे हे समीकरण नेमकं उलटं झालं. तारा पक्क्या झाल्या आणि माणसांचा भरवसा गेला. सगळी गोम तिथे आहे.

मधला एक टप्पा सांगतो. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेही बहुतेकांना डायल-अपच. जगभरातल्या छोट्या कंपन्या तेव्हा दिवसातून दोन-तीनदा जोडणी करून आपली मेल घ्यायच्या. तोवर ती सेवादात्याच्या सर्व्हरवर साठायची. 'आलो बरं का, द्या आमची पत्रं' असं सांगायला पोस्टेल यांच्या मूळ नियमांत एक आज्ञा होतीही. पण कुणीही येऊन दुसऱ्याचं नाव सांगावं आणि त्याची पत्रं घेऊन जावं, इतकी ती भोळी होती. म्हणून ऑगस्ट १९९६ मध्ये ईटीआरएन आली. तिच्यात सर्व्हर मागणाऱ्याच्या हातात पत्रं देत नाही. तो डीएनएसमध्ये त्या नावाचा खरा पत्ता बघतो आणि स्वतः उलटी जोडणी करून तिथे पोचवतो. फोन ठेव, मीच तुला घरच्या नंबरावर लावतो, असं म्हणण्यासारखं. भोळेपणा संपू लागल्याची ही पहिली खूण.

दुसरी खूण मोठी होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मेल सर्व्हर कुणाचंही पत्र घेऊन कुणालाही पोचवायचे. शेजारधर्म होता तो. स्पॅमवाल्यांनी त्याचा असा फायदा घेतला, की १९९८ मध्ये आलेल्या सेंडमेल ८.९ ने हे दार मुळातच बंद करून ठेवलं. ज्यांची पत्रं घ्यायला तुला सांगितलंय, तेवढीच घ्यायची. बाकीच्यांना ५५०, रिलेइंग डिनाइड. हे करणं भागच होतं. पण याचा बॅकअप सर्व्हरवर काय परिणाम होतो, ते पाहा. त्याचं सगळं कामच मुळी दुसऱ्याची पत्रं घेण्याचं! त्यामुळे आता दोन ठिकाणी नोंद हवी. डीएनएसमध्ये, की हा आमचा बॅकअप आहे. आणि त्या यंत्रावर, की या डोमेनची पत्रं घ्यायची. या दोन नोंदी दोन वेगळ्या माणसांच्या हातात असतात, बरेचदा दोन वेगळ्या कंपन्यांच्या. आणि एकीला दुसरीची खबर आपोआप मिळतेच असं नाही.

सुरुवातीचं कोडं आता सुटतं. पहिल्या संस्थेचा मुख्य सर्व्हर बंद पडला. पाठवणारा नियमाप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाकडे गेला. ते यंत्र मधल्या काळात बदललेलं, नव्या यंत्राला या डोमेनबद्दल कुणी सांगितलेलं नाही. त्याने प्रामाणिकपणे ५५० म्हटलं. पाच ने सुरू होणारं उत्तर म्हणजे कायमचा नकार, म्हणून पाठवणाऱ्याने तिथल्या तिथे बाउन्स काढला. दुसऱ्या संस्थेत मात्र विचारायला दुसरं दारच नव्हतं. शांतता होती. आणि शांततेसाठी नियम वेगळा आहे. ऑक्टोबर १९८९च्या आरएफसी ११२३ ने तो स्पष्ट केला : हार मानण्याआधी किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहा. म्हणजे तुमचा खरा बॅकअप जगातल्या प्रत्येक पाठवणाऱ्याच्या रांगेत आधीपासून फुकट उभा आहे. काकूंनी 'असं कुणी इथे राहत नाही' म्हणून सांगितलं नसतं, तर पोस्टमन उद्या पुन्हा आलाच असता.

या दोषाची वाईट गोष्ट ही, की तो एरवी दिसत नाही. मुख्य सर्व्हर चालू असेपर्यंत बॅकअपला कुणी विचारतच नाही. आणि याच्या उलटा दोषही तितकाच लपून राहतो : मुख्य सर्व्हरची नोंदच चुकीची असते आणि बॅकअप ती वर्षानुवर्षं झाकून ठेवतो. डीएनएसच्या नोंदींची जी फाइल असते, तिच्यात १९८७ पासून एक नियम आहे. पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायचं. ते विसरलात तर सर्व्हर समजतो की नाव अर्धवट आहे, आणि त्याला तुमचं डोमेन पुन्हा एकदा चिकटवतो. मेल डॉट अमुक डॉट कॉम डॉट अमुक डॉट कॉम. असं नाव जगात नाही, म्हणून पाठवणारा मुकाट्याने पुढच्या क्रमांकाकडे जातो आणि पत्रं पोचत राहतात. एका पूर्णविरामाची चूक, आणि कुणाला पत्ता नाही.

या झाकलेल्या चुका एका दिवसात उघड्या पडल्याची घटना इतिहासात नोंदलेली आहे. १५ सप्टेंबर २००३. डॉट कॉम आणि डॉट नेट यांची मूळ नोंदवही व्हेरीसाइन या कंपनीकडे होती, आजही आहे. त्या दिवशी तिने ठरवलं, की या दोन शेपटांखाली जे नाव कुणीच नोंदवलेलं नाही, त्याबद्दल कुणी विचारलं तर 'नाही' असं उत्तर द्यायचं नाही. आपल्याच एका सर्व्हरचा पत्ता द्यायचा. सेवेचं नाव साइट फाइंडर. ब्राउझरमध्ये नाव चुकलं की त्यांचं शोधाचं पान उघडणार, म्हणजे धंदा. पण इंटरनेट म्हणजे फक्त ब्राउझर नव्हे, हे ते विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं. चुकीच्या नावाने निघालेली मेलही आता त्याच पत्त्यावर येणार होती. तिच्यासाठी त्यांनी तिथे एक छोटासा प्रोग्राम बसवला होता. नाव स्नबी. समोरचा काय म्हणतोय ते न ऐकता तो ठरलेली उत्तरं ठरल्या क्रमाने म्हणायचा, आणि त्यातलं एक उत्तर होतं ५५०.

आता ज्यांच्या मुख्य एमएक्सच्या नावात टंकनाची चूक होती आणि ते चुकीचं नाव कुणी नोंदवलेलंच नव्हतं, त्यांचं काय झालं असेल ते पाहा. कालपर्यंत डीएनएस म्हणायचं, असं यंत्र नाही. पाठवणारा बॅकअपकडे जायचा. आज डीएनएस म्हणतंय, आहे. पाठवणारा तिथे गेला, स्नबीने कायमचा नकार दिला, पत्र परत. बॅकअप सर्व्हर शेजारी धडधाकट उभा, पण त्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. ज्या प्रशासकाने काहीही बदललं नव्हतं, त्याची मेल एका रात्रीत बंद. पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का, असं तपासून स्पॅम रोखणारे फिल्टरही आंधळे झाले, कारण आता प्रत्येक थापेबाज नाव खरं ठरत होतं.

कल्लोळ झाला. बाइंड हा डीएनएस सर्व्हर बनवणाऱ्या आयएससीने ही उत्तरं गाळून टाकण्याची सोय लगोलग दिली. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने त्याच महिन्यात आक्षेप मांडले. ३ ऑक्टोबरला आयकॅनने बंद करा म्हणून सांगितलं आणि ४ ऑक्टोबरला साइट फाइंडर बंद झालं. व्हेरीसाइनने पुढे फेब्रुवारी २००४ मध्ये आयकॅनवर खटलाही भरला, पण ती वेगळी कथा. माझ्या मते त्या तीन आठवड्यांत एक गोष्ट पहिल्यांदाच इतक्या लोकांना कळली : डीएनएसचं 'नाही' हेही एक उत्तर आहे, आणि कितीतरी गोष्टी त्या 'नाही'वर विसंबून उभ्या आहेत.

त्याच काळात बॅकअप सर्व्हरवर दुसऱ्या बाजूने घाला आला. स्पॅमवाल्यांच्या लक्षात आलं, की मुख्य सर्व्हरवर कडक फिल्टर असतात आणि बॅकअपकडे फारसं कुणी बघत नाही. मग ते नियम मोडून थेट सगळ्यात मोठ्या क्रमांकाचं दार वाजवू लागले. शेजारच्या काकूंना तर आपल्या घरात कोण कोण राहतं याची यादी ठाऊक नसते. त्या सगळंच घेऊन ठेवतात. मग ते मुख्य सर्व्हरकडे आलं, की तो म्हणतो, या नावाचा माणूस नाही. आता बॅकअपने ते पत्र कुणाकडे परत पाठवायचं? पाठवणाऱ्याकडे. आणि पाठवणाऱ्याचं नाव तर खोटं, भलत्याच कुणाचं तरी. ऑगस्ट २००३ च्या सोबिग-एफ या वर्मच्या वेळी ज्यांनी काहीच पाठवलेलं नव्हतं, अशांच्या पेट्या असल्या परत आलेल्या पत्रांनी भरून गेल्या. त्यात भर म्हणजे बॅकअपमार्गे आलेल्या पत्रावर पाठवणारं यंत्र म्हणून बॅकअपचाच पत्ता दिसतो. त्यामुळे २००६ च्या एसपीएफसारख्या तपासण्या करणाऱ्या मुख्य सर्व्हरला हे आधी सांगून ठेवलं नसेल, तर तो आपल्याच बॅकअपला तोतया समजतो.

म्हणून हळूहळू बहुतेकांनी वेगळ्या घरचा बॅकअप ठेवणं सोडून दिलं. मोठ्या मेलसेवांच्या एमएक्स यादीत आजही चार-पाच नावं दिसतात, पण ती एकाच घराची अनेक दारं असतात. सगळ्यांना सगळी माणसं ठाऊक. ते वेगळं. जून २०१५ च्या आरएफसी ७५०५ ने तर 'आम्ही मेल घेतच नाही' असं सांगणारी एमएक्स नोंदही दिली. क्रमांक शून्य, आणि नावाच्या जागी नुसतं एक टिंब.

पण जुन्या नोंदी मरत नाहीत. शाळा, सहकारी संस्था, छोटे कारखाने, पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लावून दिलेली डोमेनं. त्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर एक नाव तसंच असतं. पत्रं अधूनमधून, काही जणांचीच परत जातात अशी तक्रार आली, की आधी तिकडे बघा. बाउन्समध्ये नकार देणाऱ्या यंत्राचं नाव लिहिलेलं असतं. ते तुमच्या मुख्य सर्व्हरचं आहे का? नसेल, तर ते यंत्र आज कुणाच्या ताब्यात आहे? मुख्य नावाच्या शेवटी टिंब आहे का, ते नाव खरोखर कुठे पोचतं का? आणि खात्रीच करायची असेल तर एखाद्या रविवारी पहाटे मुख्य सर्व्हर दहा मिनिटं मुद्दाम बंद ठेवा, बाहेरच्या खात्यावरून स्वतःलाच एक पत्र पाठवा, आणि कोण काय उत्तर देतं ते बघा. बाउन्स आला, तर ती दुसरी ओळ यादीतून काढून टाका. आणि जुनं उत्तर लोकांच्या साठ्यात अजून काही तास राहणार आहे हे लक्षात ठेवून, पुन्हा तपासायला संध्याकाळपर्यंत थांबा.